मारुतीवाल्या घरात फोर्ड फ्रीस्टाईल

आमच्याकडं गाडी म्हणजे मारुती, दुसरा विषयच नव्हता. अप्पांची 800, मग वॅगनआर, मग माझी स्विफ्ट डिझेल, सासरी डिझायर, चुलत्याकडं अल्टो. अशा घरात मी फोर्ड फ्रीस्टाईल आणली, डिझेल, टायटॅनियम प्लस म्हणजे टॉप मॉडेल, 2018 ला गाडी बाजारात आली त्याच वर्षी, एमएच 24 पासिंग. आता लिहायला बसलो कारण सेकंडहँडमध्ये ही गाडी लई स्वस्त मिळायली अन् सारखं कुणी ना कुणी फोन करून विचारायलंय, घ्यावी का, कंपनी तर भारतातून गेली की निघून. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी स्विफ्टबद्दल, कारण तिला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. त्या 1.3 डिझेल इंजिनवर माझा अजूनही जीव आहे. मूळचं फियाटचं इंजिन, मारुती, टाटा, शेवरोले सगळ्यांनीच वापरलं, 75 पीएस ताकद, टायमिंगला चेन, आणि गावोगावचे मिस्त्री ते डोळे झाकून खोलायचे. फक्त एक होतं, टर्बो उठेपर्यंत वाट बघायची, 2000 आरपीएमच्या खाली दम नाही, त्यामुळं ट्रकच्या मागं अडकलं की गिअर खाली घ्या, थांबा, मग एकदम ढकलल्यासारखी पळणार. 2018 च्या फेब्रुवारीत नवीन स्विफ्ट आली तेव्हा पहिला मीच जाऊन चालवून बघितली, तेव्हा दुसरी गाडी डोक्यात पण नव्हती. छान होती, हलकी, दिसायला पण भारी. डिझेल इंजिन मात्र तेच, आणि माझं मन म्हणलं की आहे तीच गाडी नवीन कपड्यात कशाला घ्यायची.

फ्रीस्टाईल त्याच एप्रिलमधी आली. किंमत सुरुवातीला दिल्ली एक्स-शोरूम 5.09 लाख ते 7.89 लाख, म्हणजे टॉप डिझेल आठच्या आत, त्यात सहा एअरबॅग. त्या काळात या किमतीत सहा एअरबॅग हे आमच्या घरात कुणाला पटेचना, दाजी म्हणले दोन पुढं असतात, बाकीच्या चार काय बोनेटमधी का? दोन सीटच्या बाजूला अन् दोन वर खिडक्यांच्या कडेनं असतात हे त्यांना ब्रोशर उघडून दाखवावं लागलं. आणि अमेरिकन गाडी अमेरिकन गाडी म्हणून सगळे लांबून बघायचे, पण कंपनी अमेरिकन असली तरी ही गाडी बनलेली गुजरातमधी, साणंदच्या प्लांटला. मुळात ही फोर्डची छोटी फिगोच आहे, उंच केलेली, कडेनं काळं प्लास्टिक लावलेली, वर रेल. कुणी एसयूव्ही म्हणून विकायला लागलं तर ऐकून घ्या आणि भाव कमी करा, हॅचबॅक आहे ती.

आता चालवण्याचं. इथं मी जरा लांबण लावणार आहे कारण या गाडीत पैसे वसूल होण्यासारखं जे काही आहे ते इथंच आहे.

आपल्याकडच्या रस्त्यांचं दुखणं फक्त खड्डे नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याच्यावरचं डांबर मग लाटा धरतं, खड्डा एकही नसतो पण गाडी वरखाली होत राहते, आणि साईडपट्टी तर कुठं वीतभर खाली गेलेली. स्विफ्ट अशा रस्त्यावर 80 च्या पुढं नाचायला लागायची, मागं बसलेल्यांना मळमळायचं. फ्रीस्टाईल त्याच लाटेवरून एकदा खाली बसते, एकदा वर येते आणि संपलं, तिसरा हेलकावा नाही. लातूरहून रेणापूर, अंबाजोगाई, केज करत मांजरसुंबा आणि तिथून बीड, गेवराई, संभाजीनगर हा माझा नेहमीचा रस्ता आहे, कामच तसलं आहे, त्यामुळं हा फरक मला अंगात कळतो, रात्री उतरल्यावर कंबर सांगते.

मांजरसुंब्याच्या घाटात एक जागा आहे, चढ आणि वळण एकत्रच येतं आणि पुढं हमखास एखादा उसाचा नाहीतर सरकीचा ट्रक रांगत असतोय. स्विफ्टला तिथं दुसरा गिअर टाकावाच लागायचा. फ्रीस्टाईलचं 1.5 डिझेल 100 पीएसचं, 215 एनएम टॉर्क म्हणजे ओढायचा जोर, आणि तो 1750 आरपीएमपासूनच मिळतो, त्यामुळं ट्रकच्या मागं तिसऱ्यात हळूच चालत राहायचं, वळण संपून पुढचं दिसलं की पाय दाबायचा, गाडी आवाज न करता निघते. आवाज न करता म्हणजे डिझेलचा गुरगुराट आहेच, पण इंजिन रडत नाही. स्टेअरिंग इलेक्ट्रिक असून पण हातात वजन लागतं, वळणात चाक नेमकं कुठं आहे ते कळतं. बायको आधी म्हणाली जड आहे, आता स्विफ्ट चालवली तर म्हणते ही खेळण्यातली वाटायली.

टॉप मॉडेलला ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टिम, आणि गाडी कलंडू नये म्हणून वेगळी सिस्टिम आहे, फोर्डवाले तिला अ‍ॅक्टिव्ह रोलओव्हर प्रिव्हेन्शन म्हणतात. काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो, वेगात एकदम स्टेअरिंग मारलं आणि गाडी एका अंगावर जायला लागली की ती स्वतःच इंजिनचा जोर कमी करते आणि हवं त्या चाकाला ब्रेक लावते. आपल्याकडं म्हशी, रोही आणि उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर हे तिन्ही सूर्य मावळल्यावरच रस्त्यावर येतात, त्यामुळं माझ्या मते हे फीचर सनरूफपेक्षा शंभर पटीनं कामाचं, पण शोरूममधी कुणी त्याच्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, टचस्क्रीन मात्र तीनदा दाखवली.

शिवारात नेण्याबद्दल बरेच जण विचारतात. ग्राउंड क्लिअरन्स 190 मिमी, माझी जुनी स्विफ्ट 170 ची होती. ऐकायला दोन सेंटीमीटर, पण पाणंद रस्त्याला मधी जो गवताचा उंचवटा असतोय ना, बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांच्या मधला, त्याच्यावर स्विफ्टचं पोट घासायचं आणि हिचं नाही घासत. उघडीप असेल तर सोयाबीनच्या राशीपर्यंत बिनधास्त जा. पाऊस पडला असेल तर डांबरीवरच लावा आणि चालत जा, ही काय फोर बाय फोर नाही, जोर पुढच्याच दोन चाकांना, काळा चिखल टायरला एकदा धरला की त्याचा गोळा होऊन मडगार्डमधी बसतो, मग गाडी असो का ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळं सारखंच.

आतलं पटकन सांगतो. पुढच्या दोघांची मज्जा. मागं दोघं आरामात, तिसरा बसला की खांद्याला खांदा लागणारच, आणि मागच्या लोकांना एसीची वेगळी जाळी नाही. मे महिन्यात लातूरला 40 च्या वर पारा असताना मागं बसलेल्या आईला गार वारं मिळेपर्यंत पुढच्याला स्वेटर लागतो. डिक्की 257 लिटर, बियाण्याच्या दोन-तीन बॅगा किंवा मग लग्नाचं सामान, दोन्ही नाही. डॅशबोर्ड चॉकलेटी काळा, धूळ दिसत नाही, आपल्याकडं हे महत्त्वाचं. दरवाजा जड आहे, आई 800 च्या सवयीनं सगळी ताकद लावून आपटायची, पहिले काही महिने शेजारचे बाहेर येऊन बघायचे.

अ‍ॅव्हरेज कंपनी म्हणते 24.4. हायवेला नीट चालवली तर 20 ते 22 मध्ये राहते, गावात गंजगोलाईच्या गर्दीत फिरवली तर 16 धरा. स्विफ्ट यात जरा पुढं होती, खोटं कशाला बोलू.

आता मेन मुद्दा, सर्व्हिस. 9 सप्टेंबर 2021 ला फोर्डनं जाहीर केलं की भारतात गाड्या बनवणं बंद. त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर जे मेसेज आले ते इथं लिहिता येणार नाहीत, दाजींनी तर गाडीच्या फोटोला हार घालून पाठवला. त्याच्या आधी 2017 संपता संपता अमेरिकेच्याच शेवरोलेनं पण भारतात विक्री बंद केली होती, त्यामुळं अमेरिकन गाडी म्हणजे पाहुणा, चार दिवस राहणार आणि जाणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. साणंदचा प्लांट पुढं टाटानं 725.7 कोटीला घेतला, जानेवारी 2023 ला ताबा पण मिळाला, माझी गाडी जिथं बनली तिथं आता टाटाच्या गाड्या. कंपनीनं पार्ट आणि सर्व्हिस चालू ठेवू म्हणून सांगितलं होतं, ते चालू आहे. पण चालू आहे आणि जवळ आहे यात फरक आहे ना राव. मारुतीचा क्लच वायर तुटला तर कुठल्याही फाट्यावर टपरीच्या शेजारच्या दुकानात मिळतो. अप्पांचं सगळं मारुतीप्रेम या एका गोष्टीवर उभं होतं, गाडी कशी पळते याच्यावर ते आयुष्यात कधी बोलले नाहीत. माझं पण तसंच होतं हे मला फ्रीस्टाईल घेतल्यावर कळलं, मी ज्याला सोडून आलो ती स्विफ्ट नव्हती, नांदेड रोडवरचे आमचे मिस्त्री, उस्ताद, होते.

उस्तादांनी आधी हात लावायला नकार दिला. बोनेट उघडलं, वाकून बघितलं, बंद केलं. "भाऊ, हिला हात लावायचा तर आधी पुस्तक वाचावं लागतंय." मी म्हणलं वाचा की मग. पुढं त्यांनी स्कॅनर घेतला, पोराला शिकवलं, आता ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनची बारीकसारीक कामं तिथंच होतात, फिल्टर मी ऑनलाईन मागवून नेतो. मोठं काम असलं की जिल्ह्याबाहेर जावं लागतं, एक दिवस मोडतो. एकदा एका वर्कशॉपवाल्यानं हेडलाईट साठी महिनाभर ताटकळत ठेवलं, पार्ट येईना पार्ट येईना, शेवटी दुसरीकडं चौकशी केली तर समजलं त्यानं ऑर्डरच टाकली नव्हती, कंपनी बंद पडलीय हे कारण त्याला आयतं सापडलेलं. त्यामुळं पार्ट मिळत नाही असं कुणी म्हणलं की ऑर्डर नंबर मागा, तोंडी विश्वास ठेवू नका.

आणखी एक, लोक म्हणतात डिझेल आहे, दहा वर्षांनी भंगारात. तो नियम दिल्लीकडचा आहे, आपल्याकडं खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढं फिटनेस करून वाढवता येतं. सेकंडहँडवाले एजंट हेच सांगून विकणाऱ्याकडून भाव पाडतात आणि तीच गाडी तुम्हाला देताना नियम एकदम विसरतात.

तर घ्यावी का? महिन्यात हायवेला चांगलं फिरणं असेल आणि हाताशी शिकायची तयारी असलेला मिस्त्री असेल तर या पैशात एवढी दणकट, चालवायला एवढी चांगली डिझेल गाडी आता मिळणार नाही. गावातल्या गावात शाळा आणि बाजार करायचा असेल तर गुपचूप मारुती घ्या, मी काही वाईट वाटून घेणार नाही. पेट्रोल फ्रीस्टाईल मी मित्राची चालवलीय, 1.2 तीन सिलिंडर, 96 पीएस, गावात बरी, पण घाटात डिझेलची मजा नाही.

बघायला जाल तेव्हा पहिलं टायमिंग बेल्टचं विचारा. हिला स्विफ्टसारखी चेन नाही, बेल्ट आहे, मॅन्युअलमध्ये दिलंय तेव्हा बदलायचाच, तुटला तर इंजिनच बसतं आणि मग स्वस्तात घेतलेली गाडी लई महागात पडते. बदललाय म्हणले तर बिल दाखवा म्हणा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा लाईट लागून विझतो का बघा, लागतच नसेल तर कुणीतरी बल्बची वायर काढून ठेवलीय असं समजा आणि चहा पिऊन परत या. आणि माझी विकायची नाही, तुमची देता का म्हणून फोन करू नका.