एव्हलेथचं हॉकी म्युझियम: बाबांना घेऊन गेलो ते बरंच झालं

मिनेसोटात सात वर्षं झाली तरी आइस हॉकीशी आमचा संबंध एवढाच की हिवाळ्यात ऑफिसमधे सगळे त्यावरच बोलतात आणि आपण मान डोलावायची. यंदा सांगलीहून बाबा आले, त्यांना लेक सुपीरिअर दाखवून झाला, मॉल दाखवून झाला, मग म्हणलं चला एव्हलेथला, युनायटेड स्टेट्स हॉकी हॉल ऑफ फेम म्युझियम (नामवंत खेळाडूंचा मान राखणारं) बघू. मिनिआपोलिसहून आय-३५ हायवेने उत्तरेला साधारण तीन तास, वाटेत काही नाही, नुसती झाडं.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात की हे असलं म्युझियम न्यूयॉर्क-बोस्टन सोडून साडेतीन हजार वस्तीच्या गावात कसं काय? तर हे लोखंडाच्या खाणींचं गाव, मेसाबी रेंज नावाच्या लोखंडाच्या पट्ट्यावर. १९०० च्या सुमाराला गावाखालीच लोखंड सापडलं म्हणून अख्खं गाव उचलून बाजूला नेलं होतं. खाणीत कामाला इटली, स्लोव्हेनिया, फिनलंडहून माणसं आली, थंडी अशी की तळी महिनोन्महिने गोठलेली, मग पोरं करणार काय, खेळली. कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी असतात ना, तसं इथे बर्फाचं. १९२२ मधे गावाने हिप्पोड्रोम नावाची रिंकसुद्धा (बर्फावर खेळायची जागा) बांधली. म्युझियम १९७३ ला उघडलं ते याच जोरावर.

आत गेल्यावर बाबांनी अर्ध्या तासात मला गप्प केलं. आधी म्हणाले, चेंडू कुठाय? मग त्यांना पक दाखवला, एक इंच जाड रबराची चकती, मॅचच्या आधी फ्रीजरमधे ठेवतात म्हणजे बर्फावर उसळत नाही. हे ऐकून खूश. खेळाचे नियम आम्हा दोघांनाही येत नव्हते, ते जाण्याआधी यूट्यूबवर बघून जा, आम्ही बघितले नाहीत ही चूक आमची.

सगळ्यात भारी गोलकीपरांच्या गोष्टी. फ्रँक ब्रिमसेक, याच गावचा, १९३८-३९ ला बोस्टन ब्रुइन्स टीमकडून पहिल्याच सीझनला १० मॅचेसमधे समोरच्यांना एकही गोल करू दिला नाही, नाव पडलं मिस्टर झीरो. आणि सॅम लोप्रेस्टी! १९४१ मधे शिकागोकडून खेळताना एका मॅचमधे ८३ शॉट आले, त्यातले ८० अडवले, आणि तरी मॅच ३-२ ने हरले. मग हा माणूस युद्धात नेव्हीत गेला, जहाजाला टॉर्पेडो लागला आणि ४२ दिवस लाइफबोटीत काढले. बाबा म्हणाले, ८३ चेंडू अंगावर घेतल्यावर समुद्राचं काय एवढं.

शाळेच्या पोरांचं प्रकरण मला नवीन होतं. मिनेसोटात हायस्कूलची स्टेट टूर्नामेंट १९४५ पासून चालू आहे, आणि १९४८ ते १९५१ सलग चार वर्षं एव्हलेथची शाळा जिंकली, त्या काळात ६९ मॅच एकही न हरता. त्यातला जॉन मायसिच पुढे १९६० च्या ऑलिम्पिक गोल्डवाल्या टीममधे होता. माझ्या मते खरा इतिहास हाच आहे, एनएचएल ही व्यावसायिक लीग वगैरे नंतर. तिच्यातली इथली नॉर्थ स्टार्स टीम १९९३ ला डॅलसला गेली (हा विषय इथल्या माणसासमोर काढू नका, जेवण थंड होतं), २००० ला वाइल्ड ही नवी टीम आली, पण मधल्या सात वर्षांत पोरांचं हॉकी काही थांबलं नाही. मुलींच्या हॉकीला शाळांच्या खेळात अधिकृत जागा देणारं पहिलं राज्यही हेच, १९९४ मधे.

१९८० च्या भागाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभे होतो. लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिम्पिकमधे अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी सोव्हिएत टीमला हरवलं ती मॅच, कोच सेंट पॉलचे हर्ब ब्रुक्स, २० पैकी १२ खेळाडू मिनेसोटाचे. जिंकणारा गोल माइक एरुझिओनीचा, तो मॅसॅच्युसेट्सचा, पण त्याला पास दिला मार्क पॅव्हेलिचने, तो एव्हलेथचा! स्कोअर ४-३. बाबा एकदम थांबले आणि म्हणाले, अरे १९८० ला मॉस्को ऑलिम्पिकमधे आपल्या मैदानी हॉकीत आपण पण ४-३ नेच जिंकलो होतो, स्पेनविरुद्ध, फायनल. मी फोनवर चेक केलं, बरोबर निघालं. कॅप्टन भास्करनची टीम. तिथे रेडिओ कुणाच्या घरी होता, कोण रडलं, सगळं सांगितलं त्यांनी, बर्फाच्या हॉकीसमोर उभं राहून. अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार टाकलेला, हेही वर ऐकवलं.

बाकी रिंकचा बर्फ गुळगुळीत करणारं जुनं झांबोनी मशीन आहे, पोरं तिथून हलत नाहीत. दीड-दोन तास पुरतात, पण फक्त म्युझियम बघून परत फिरू नका, गावात ११० फुटी लाकडी हॉकी स्टिक उभी आहे, ती बघा. जायच्या आधी वेळा फोन करून विचारा. खायचं म्हणाल तर शाकाहारी लोकांची पंचाईत, एका हॉटेलात व्हेज विचारलं तर बटाटे आणून ठेवले. पण बेकरीत पोटीत्सा मिळाली तर सोडू नका, स्लोव्हेनियाची, पातळ पोळीत अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेली. बाबांनी घरी न्यायला दोन घेतल्या.

येताना फॉरेस्ट लेकजवळ मी सांगितलं की २००३ मधे हर्ब ब्रुक्स इथेच, याच रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेले, हॉल ऑफ फेमच्याच गोल्फच्या कार्यक्रमाहून घरी जात होते. बाबा म्हणाले, स्पीड कमी कर.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा अंतराचा कापला.