लाईट गेल्यावर घड्याळ कुणाचं चालतं: लिचेस आणि चेस डॉट कॉम या ऑनलाइन बुद्धिबळाच्या दोन साइट, काही महिन्यांच्या वापरानंतर

एक हत्ती जास्त, घड्याळात चाळीसेक सेकंद, आणि लाईट गेली. वायफाय बंद पडतं, फोन मोबाईल डेटावर जाईपर्यंत पट गोठतो आणि परत जोडणी येते तेव्हा स्क्रीनवर निकाल लागलेला असतो: वेळ संपल्यामुळे हार. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ऑनलाइन खेळणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. त्यामुळे पटाचे रंग, सोंगट्यांचे आकार, गमतीदार बॉट (संगणकी प्रतिस्पर्धी) यांवर मी फार वेळ घालवणार नाही. आपल्या भागात सॉफ्टवेअर निवडायचं तर पहिला प्रश्न घड्याळाचा.

आधी यंत्रणा समजून घ्या. घड्याळ तुमच्या फोनमध्ये नसतं, सर्व्हरवर म्हणजे साइटच्या संगणकावर चालतं. फोनवर दिसतात ते आकडे त्याची नक्कल असते. नेट तुटलं तरी सर्व्हरवरचा वेळ जातच राहतो, आणि काही वेळाने समोरच्याला विजयाचा दावा करायची सोय मिळते. लिचेस नेटच्या विलंबाचा काही भाग दर खेळीला भरून देतं, पण त्याला ठरावीक मर्यादा आहे. थोडं रेंगाळणारं नेट त्यात खपतं, वीस सेकंदांची खंड पडलेली जोडणी खपत नाही.

लिचेसवर आणखी एक सोय आहे, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यात मोलाची. ब्राउझरमध्ये वरच्या आपल्या नावावर टिचकी मारली की पिंग (तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) आणि सर्व्हर (खेळी हाताळायला सर्व्हरला लागणारा वेळ) असे दोन आकडे मिलिसेकंदांत दिसतात. सर्व्हरचा आकडा लहान आणि पिंगचा उड्या मारतोय, म्हणजे दोष तुमच्या लाइनीत. पिंग नुसता मोठा असेल तर फारसं बिघडत नाही. तो दर काही सेकंदांनी दीडशेवरून नऊशेवर जात असेल तर रेटिंगचा, म्हणजे ताकदीचे गुण वर-खाली होणारा, डाव लावूच नका. केबलवाल्याकडे तक्रार केली की तो स्पीड टेस्ट करायला सांगतो, चाळीस एमबीपीएस दिसतं आणि तो फोन ठेवतो. बुद्धिबळाला वेग लागतच नाही, एका खेळीचा डेटा नगण्य असतो. लागते ती अखंड लाइन. लॅपटॉपवर पिंगची आज्ञा सतत चालू ठेवा, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळी येतात का बघा आणि तोच स्क्रीनशॉट पाठवा. स्पीड टेस्टच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता इन्क्रिमेंट, म्हणजे दर खेळीला वाढून मिळणारे सेकंद. 10+0 (दहा मिनिटं, वाढीव सेकंद शून्य) हा डाव आपल्या भागातल्या माणसाने खेळूच नये, असं माझं ठाम मत आहे. दर खेळीला अर्धा सेकंद नेटमध्ये गेला तर साठ खेळ्यांत अर्धं मिनिट गेलं, आणि ते परत मिळायची सोय नाही. 10+5 मध्ये त्याच साठ खेळ्यांत पाच मिनिटं जमा होतात. लिचेसवर 10+5 आणि 15+10 हे दोन्ही तयार चौकोन समोरच असतात. दोन्हींचं रेटिंग 10+0 सारखंच रॅपिड या मध्यम वेळेच्या गटात मोजलं जातं, म्हणून 10+0 सोडल्याने काही तुटत नाही. चेस डॉट कॉमवर नव्या माणसासमोर बहुधा साधा 10 मिनिटांचा डाव येतो. तिथे वेळेची यादी उघडून 15+10 निवडा. घरातल्या लहान मुलांच्या फोनवर हे आधी बदलून द्या. पोरं हरतात ती खेळामुळे कमी आणि घड्याळामुळे जास्त, मग उगाच हिरमुसतात.

लिचेसच्या प्रेफरन्सेसमध्ये गेम बिहेवियर नावाचं पान आहे, त्यात तीन गोष्टी बदला. सोंगटी हलवायची पद्धत 'दोन घरांवर टिचकी' अशी ठेवा. घामट बोटाने वजीर ओढताना तो एक घर अलीकडे सुटतो, हा उन्हाळ्यातला नेहमीचा घोळ त्याने थांबतो. राजीनामा आणि बरोबरी यांना दुजोरा मागणारं बटण चालू ठेवा. खेळीचा दुजोरा मात्र फक्त करस्पॉन्डन्स (एका खेळीला काही दिवस मिळणारे डाव) आणि क्लासिकल (लांब वेळेचे डाव) यांना लावा. रॅपिडमध्ये लावला तर दर खेळीला वरचा सेकंद जातो.

वायफाय की डेटा, यावर माझं मत मध्यंतरी बदललं. पावसाळ्यापर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावरच खेळा, म्हणजे लाईट गेली तरी जोडणी बदलत नाही. पण लाईट गेली की अख्खी गल्ली डेटावर येते, टॉवरवर ताण पडतो आणि पिंग उड्या मारायला लागतो. आता सल्ला वेगळा आहे. राउटरला मिनी यूपीएस लावा आणि वायफायवरच खेळा. घेताना राउटरच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक राउटर 12 व्होल्टचे असतात, पण 9 व्होल्टचेही आहेत, आणि चुकीचा यूपीएस लावला तर राउटर जळू शकतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी. एकालाच दिली तर उपयोग शून्य. हा खर्च एकदाच होतो, चेस डॉट कॉमच्या सभासदत्वाचे पैसे दर वर्षी जातात.

पैशांचंही स्पष्टच सांगतो. लिचेस 2010 पासून चालतंय, पूर्ण फुकट आहे, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. देणगी दिली तरी जादा सोय मिळत नाही, नावापुढे फक्त खूण येते. चेस डॉट कॉमच्या मोफत खात्यावर जाहिराती दिसतात, डावाचं परीक्षण दिवसाला एकच आणि कोडी मोजकी. त्यांचे धडे आणि बॉट नवशिक्या पोराला खरंच धरून ठेवतात, हे मान्य करायला हवं. वर्षभर रोज धडे करणार असाल तरच पैसे भरा, नुसत्या डावाच्या विश्लेषणासाठी भरू नका. लिचेसवर डाव संपल्यावर संगणकीय विश्लेषण मागितलं की ते स्वयंसेवकांनी देऊ केलेल्या संगणकांवर होतं आणि फुकट मिळतं.

याचा आणखी एक फायदा आपल्या मे महिन्यात कळतो. विश्लेषणाच्या पटावर इंजिनाचं बटण चालू केलं की स्टॉकफिश हा खेळ्या मोजणारा प्रोग्राम तुमच्याच फोनच्या प्रोसेसरवर धावतो. भुसावळला 45 अंश असताना पाच मिनिटांत फोन तापतो, स्वतःहून मंदावतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. म्हणून उन्हाळ्यात ते बटण बंद ठेवा आणि सर्व्हरवरचं विश्लेषण मागवा. इंजिन लागलंच तर त्याच्या सेटिंगमध्ये थ्रेड (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारी कामं) एकावर आणा आणि दाखवायच्या खेळ्यांच्या ओळी एकच ठेवा.

रेटिंगवरून दोन्हींची तुलना करू नका. लिचेसवर सुरुवात 1500 पासून होते आणि तिथला आकडा साधारणपणे चेस डॉट कॉमपेक्षा वर दिसतो. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं रेटिंग तर वेगळंच, 1 मार्च 2024 पासून त्याची तळरेषा 1400 आहे. मुलाचा लिचेसवरचा 1700 पाहून त्याला खुल्या स्पर्धेत वरच्या गटात घालू नका.

नेटच नसेल तिथे अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश टाका. फुकट आहे, इंजिन आतच आहे, ताकद कमी करता येते. लॅपटॉपवर लुकास चेस.

रावेर-यावलकडे रात्रीच्या थ्री-फेजवर मोटार लावून केळीच्या बागेत थांबणाऱ्यांनी थेट घड्याळाचा नाद सोडावा आणि करस्पॉन्डन्स लावावा. एका खेळीला 1 ते 14 दिवस मिळतात. निदान 3 दिवसांचा डाव घ्या, एक दिवसाचा डाव लग्नसराईत हमखास जातो. समोरचा ठरावीक खेळी करणार याची खात्री असेल तर विश्लेषणाच्या पटावर आपली पुढची खेळी आधीच लावून ठेवता येते, रेंज नसली तरी ती खेळली जाते. लिचेसवर या प्रकारात ओपनिंगचा (सुरुवातीच्या खेळ्यांचा) संग्रह बघायला परवानगी आहे, इंजिनाला नाही. इंजिन वापरलं तर खात्यावर कारवाई होते.