टाळाचा झणत्कार राखणारं फ्री:ॲक

घरात विंडोज सेव्हनचा जुना डेस्कटॉप असेल आणि त्यात कॅसेटवरून उतरवलेल्या भल्यामोठ्या वेव्ह फाईली (न दाबलेला, मूळ आवाज) पडून असतील, तर त्या एमपीथ्रीसारख्या दुसऱ्या प्रकारात बदलायला फ्री:ॲक हे सॉफ्टवेअर बिनधास्त घ्या. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते. मंडळाच्या जुन्या कॅसेटी संगणकावर घ्यायचं काम माझ्याकडे आहे आणि ते सगळं मी याच सॉफ्टवेअरवर करते.

माझा संगणक ३२-बिटचा, रॅम २ जीबी. नवीन सॉफ्टवेअर त्यावर एक तर चढतच नाही, चढलं तर उघडायलाच वेळ खातं. फ्री:ॲक आधी बॉन्कएन्क या नावाने यायचं. रॉबर्ट काउश नावाचे जर्मन प्रोग्रामर ते २००१ पासून सांभाळताहेत. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), जाहिरात नाही. झिप फाईल उतरवून उघडली की इन्स्टॉल न करताही चालतं. याआधी फुकटातला एक कन्व्हर्टर घेतला होता, त्याने न विचारता ब्राउझरमध्ये स्वतःचा टूलबार बसवला आणि मुख्यपान बदलून टाकलं. ते सगळं उपटून काढताना नाकी नऊ आले. इथे तसला प्रकार नाही.

वापर सोपा आहे. फाईली ओढून यादीत टाका, खाली फोल्डर निवडा, हवा तो एन्कोडर (फाईल ज्या प्रकारात हवी तो बनवणारा भाग) धरून सुरू करा. एमपीथ्रीसाठी यात लेम नावाचा एन्कोडर आहे, शिवाय फ्लॅक आणि ओपस या दुसऱ्या प्रकारांचेही आहेत. व्हॉट्सॲपवर आलेले आवाजी निरोप ओपसमध्ये असतात, तेही उघडतात. मंडळातल्या एका आजींनी असा म्हणून पाठवलेला अभंग देवळातल्या स्पीकरसाठी मी यातूनच एमपीथ्री करून दिला. तासाभराची कॅसेटही चहा उकळेपर्यंत होते. मशीन जुनं असल्याची अडचण या कामात मला तरी कुठे जाणवली नाही.

आता खरा मुद्दा टाळाचा. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाईल मिनिटाला १० एमबी खाते, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट ६०० एमबीच्या वर जाते. ती लहान करायची म्हणून सगळे सरसकट ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट, म्हणजे आवाजाची तेवढीच माहिती) लावतात, आणि भजनाची वाट लागते. गळा, पेटी, मृदंग बऱ्यापैकी निभावून नेतात. टाळाचं मात्र पाणी होतं. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून दाबतं, एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. टाळाचा आघात एका क्षणात होतो, पण बिट कमी पडले की दाबण्यातला खरखराट त्या आघाताच्या आधीही पसरतो. मग ‘खण्ण’ ऐकू येण्याआधी एक ‘फस्’ येते. शिवाय इतक्या कमी दरात वरच्या कंपनसंख्या कापल्या जातात आणि टाळाची झंकार नेमकी तिथेच असते. विठ्ठल-विठ्ठल गजर द्रुत लयीत गेला की हे कानाला फार टोचतं.

म्हणून लेमच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हीबीआर (बदलता बिटदर) निवडा आणि दर्जा २ ठेवा. यात दर ठरावीक राहत नाही, गरजेप्रमाणे कमीजास्त होतो. सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास पडते आणि तासाची फाईल ८५ एमबीच्या आत-बाहेर बसते. एवढ्यात टाळ टाळासारखा वाजतो. एकाच माइकवर भरलेली कॅसेट असेल तर मोनो (एकच वाहिनी) करा, जागा आणखी वाचते.

मूळ वेव्ह मात्र पुसू नका. ती फ्लॅकमध्ये ठेवा. जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि आवाजातला एक कणही जात नाही. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केलं की दर वेळी आवाज उतरतो. १२८ ची फाईल ३२० ला बदलून दिली म्हणून गेलेला आवाज परत येत नाही, नुसती फाईल फुगते. आमच्याकडे कार्यक्रमाला येणारे साउंडवाले अजूनही हे करतात आणि मी दर वेळी त्यांच्याशी वाद घालते.

गायक, अभंग, साल ही माहिती टॅगमध्ये (फाईलच्या आत लिहिलेल्या नोंदीत) देवनागरीत नीट बसते, पुढे शोधायला फार उपयोग होतो. फाईलचं नाव मात्र मी रोमनमध्येच देते, कारण देवळातल्या पेनड्राइव्हवाल्या स्पीकरच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात.

उणिवा आहेत. सेटिंगची खिडकी गजबजलेली आहे, पहिल्यांदा उघडणारा माणूस बावचळतो. पडद्यावर आवाजाची लहर बघून तो कापायची सोय यात नाही. कॅसेटच्या सुरुवातीची खरखर काढायला आणि अभंग वेगळे करायला मी ऑडॅसिटी हे आवाज कापण्याजोडण्याचं सॉफ्टवेअर वापरते, मग फाईली इकडे आणते. अजून एक जपायचं: सेव्हनला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये आधार देणं थांबवलं, तेव्हा असं मशीन इंटरनेटला जोडूच नका. झिप दुसऱ्या संगणकावर, फ्री:ॲकच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. घेताना ३२-बिटची प्रत बघून घ्या, ६४-बिटची या मशीनवर उघडत नाही.