सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेताय? "लाइफटाइम चार्जिंग" आणि "सेल्फ ड्रायव्हिंग"च्या नावाखाली आमचे 85 हजार कसे काढले ते वाचा

सोलापुरात सध्या सेकंडहँड इलेक्ट्रिक गाड्या घेणारे लै वाढलेत. पेट्रोलचे भाव बघून माणूस तिकडं वळणारच, त्यात वावगं काही नाही. पण गाडीबरोबर "चार्जिंग पॅकेज" आणि "सॉफ्टवेअर अपग्रेड" म्हणून जे गळ्यात मारलं जातंय ते बघून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. मोठं आहे, पण गाडी घ्यायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमचा टॉवेल-चादरीचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. व्यापाऱ्यांच्या वसुलीसाठी, ऑर्डरसाठी पुण्याला सारखं जावं लागतं. म्हणून पुण्याकडच्या एका डीलरकडून गाडी घेतली, 40 युनिटच्या बॅटरीची, एसी लावून हायवेला सव्वादोनशे किलोमीटर धरायचे. सोलापूर-पुणे अडीचशे, म्हणजे मध्ये एकदा चार्जिंग आलंच. गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ती आजही मस्त चालतीय. तक्रार आहे ती व्यवहाराच्या शेवटी टेबलावर आलेल्या दोन गोष्टींची.

पहिली म्हणजे 25 हजारांचं कार्ड. डीलर म्हणाला, "शेठ, देशात कुठंही जावा, कुठल्याही कंपनीचं चार्जर असू दे, हे कार्ड टेकवायचं, आयुष्यभर एक रुपया द्यायचा नाही." दुसरं 60 हजारांचं सेल्फ ड्रायव्हिंग अपग्रेड. "सॉफ्टवेअर टाकून देतो, हायवेला लागलं की हात सोडून बसा, गाडी स्वतः लेन धरते, स्वतः ब्रेक मारते." मी त्याला समोरासमोर विचारलं, परत व्हॉट्सॲपवरही विचारलं की हे लाइफटाइम आहे ना, गाडी माझ्या नावावर झाली तरी चालेल ना. त्यानं व्हॉइस नोट पाठवून सांगितलं, हो शेठ, हंड्रेड परसेंट. ती व्हॉइस नोट आजही माझ्याकडं आहे आणि आज तीच कामाला येतीय.

कार्ड सुरुवातीला व्यवस्थित चाललं, हीच त्यातली मेख. भिगवणला टेकवलं चालू, इंदापूरला टेकवलं चालू, त्यामुळं शंका यायचं कारणच नव्हतं. मग एका रात्री पुण्याहून परत येताना टेंभुर्णीच्या अलीकडं हॉटेलच्या आवारातल्या चार्जरला गाडी लावली, बॅटरी 14 टक्के, बरोबर बायको आणि आई. गन लावली, कार्ड टेकवलं, स्क्रीनवर लाल अक्षरात आलं की अकाउंट सस्पेंडेड. परत टेकवलं, तेच. डीलरला फोन, उचलत नाही. शेवटी त्या चार्जरवाल्या कंपनीचं ॲप डाउनलोड केलं, रेंज धड नाही, ओटीपी येता येत नाही, वॉलेटमध्ये पैसे टाकले तेव्हा कुठं चार्जिंग सुरू झालं. हॉटेलच्या पोरानं आईला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, त्या पोराचे उपकार आहेत.

दुसऱ्या दिवशी त्या चार्जिंग कंपनीच्या कस्टमर केअरला कार्डाचा नंबर सांगितल्यावर उलगडा झाला. ते कार्ड माझ्या नावावर नव्हतंच. एका टॅक्सी फ्लीटच्या, म्हणजे बऱ्याच टॅक्स्या चालवणाऱ्या कंपनीच्या अकाउंटवर काढलेलं, फ्लीटला महिन्याच्या शेवटी बिल जातं, तसल्या कार्डांपैकी एक. बिल थकलं, कंपनीनं सगळं अकाउंट बंद केलं, त्यात माझं कार्ड गेलं. म्हणजे जितके दिवस मला "फुकट" मिळत होतं तितके दिवस माझ्या चार्जिंगचं बिल दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर चढत होतं, आणि याची मला अजून जास्त चीड येते.

जरा हिशोब करून बघा. हायवेच्या फास्ट चार्जरला युनिटला साधारण 20 रुपये पडतात, त्यावर 18 टक्के जीएसटी कधी धरलेला असतो कधी वेगळा. 25 हजारात 1250 युनिट येतात, 40 युनिटची बॅटरी धरली तर तीस-एकतीस फुल चार्ज. पुढचं आयुष्यभर कोण भरणार? आपल्याकडं चार्जिंगचं एक सरकारी जाळं नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, वेगळा रेट. सगळ्या कंपन्यांवर आयुष्यभर फुकट चालणारं कार्ड 25 हजारात कुणालाच परवडत नाही. गाडी कंपन्या काही वेळा नव्या गाडीवर खरंच फुकट चार्जिंगची ऑफर देतात, पण ती मुदतीची असते आणि बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या अकाउंटला बांधलेली असते. बॅटरीच्या लाइफटाइम वॉरंटीचंही काही कंपन्यांनी असंच केलंय, पहिल्या मालकाला लाइफटाइम आणि गाडी विकली की दुसऱ्याला वर्षं-किलोमीटरची मर्यादा. आरसी ट्रान्सफर झाली म्हणजे ॲपमधलं सगळं आपोआप तुमच्याकडं आलं असं होत नाही बघा.

आता सेल्फ ड्रायव्हिंगचं ऐका, हे तर जिवावरचं आहे. अपग्रेड म्हणून त्यांनी दोन तास गाडी आत घेतली आणि आरशाच्या मागं एक कॅमेऱ्याचा छोटा डबा बसवून दिला. लेन सोडली की बीप, पुढं गाडी जवळ आली की बीप. डीलर म्हणाला सॉफ्टवेअर शिकतंय, पाचशे किलोमीटरनंतर पूर्ण चालू होईल. थंडीचे दिवस होते, साखर कारखाने चालू, मोहोळच्या बाजूला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. आपल्याकडच्यांना माहितीय, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. अंधारात तसली ट्रॉली समोर आली. डबा बीप बीप करत राहिला, गाडीचा वेग तसूभर कमी झाला नाही. माझा पाय ब्रेकवरच होता म्हणून आज हे लिहितोय. त्या माणसाच्या सांगण्याप्रमाणं कुणी हात-पाय सोडून बसला असता तर काय झालं असतं सांगा.

गाडी सरळ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या टेक्निशियननं लॅपटॉप लावला, चॅसिस नंबर टाकला आणि व्हेरिएंट दाखवला. मग खाली बसून पुढच्या बंपरची जाळी दाखवली, म्हणाला, "हे बगा मालक, वरच्या मॉडेलला हितं रडार असतंय. तुमच्याकडं नुसतं प्लास्टिक हाय. रडार नाय, काचेवर कंपनीचा कॅमेरा नाय, तर सॉफ्टवेअर टाकणार कुठं ओ?" तो डबा म्हणजे ऑनलाइन मिळणारा डॅशकॅम, वॉर्निंग देणारा. त्याची वायर फक्त फ्यूज बॉक्समधून करंट घेते, ब्रेकशी त्याचा काडीचा संबंध नाही. वर ती वायर टोचून जोडलेली, म्हणून जॉब कार्डवर त्यानं तसा शेरा मारला, त्या वायरिंगचं पुढं काही झालं तर वॉरंटीत धरणार नाहीत.

खऱ्या एडासमध्ये, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेत, त्यातल्या ज्याला लेव्हल 2 म्हणतात तिच्यात, गाडी स्टीअरिंग आणि वेग दोन्ही थोडंफार सांभाळते, पण जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरची. आपल्या रस्त्यावर पट्टे पुसलेले असले की तीही गडबडते. टेस्लानं जुलै 2025 मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं, तेव्हा मॉडेल वाय साधारण 60 लाखाला होती आणि फुल सेल्फ ड्रायव्हिंगचे त्यावर वेगळे 6 लाख होते, आणि एवढे पैसे घेऊनही कंपनी स्वतः लिहिते की ड्रायव्हरनं लक्ष ठेवायचंच आहे. मग 60 हजारात हात सोडून चालणारी गाडी कुठून येणार? अमेरिकेत 2019-20 मध्ये तर एकानं डीलरकडून सेकंडहँड टेस्ला घेतली, जाहिरातीत सेल्फ ड्रायव्हिंग होतं, आणि घेतल्यावर कंपनीनं ते सॉफ्टवेअरमधून काढून टाकलं, पेपरात बोंब झाली तेव्हा परत दिलं. तिथं निदान गाडीत सामान तरी होतं, इथं तेही नाही.

पेमेंटच्या वेळी दोन खेळ केले त्यांनी, ते नीट लक्षात घ्या. अपग्रेडच्या 60 हजारांचं बिल दिलं पण त्यावर "ॲक्सेसरीज" एवढंच. आणि कार्डाचे 25 हजार ज्या क्यूआरवर घेतले तो शोरूमचा नव्हताच, यूपीआयच्या मेसेजमध्ये तिसऱ्याच कुणाचं नाव. विचारल्यावर म्हणाले अकाउंटचं लिमिट संपलंय. बिलावर सेल्फ ड्रायव्हिंग हा शब्द लिहून द्या म्हटलं की हे लोक लगेच विषय बदलतात, तिथंच ओळखा. आणि पैसे द्यायच्या आधी चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला एक चक्कर मारा, कुठला व्हेरिएंट, काय काय फीचर चालू, ते पाच मिनिटात सांगतात. गाडीचं ॲप जुन्या मालकाच्या अकाउंटमधून काढून तुमच्या मोबाइलवर समोर चालू करून घ्या, नाहीतर जुन्या माणसाला गाडी कुठं उभी आहे ते दिसत राहतं.

आम्ही आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलाची नोटीस, आता सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस. डीलर पुण्याचा असला तरी 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथं तक्रार करता येते, पुण्याला हेलपाटे मारायला लागत नाहीत. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते, मुदत दोन वर्षांची. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, गाडी कुणाच्या नावावर? माझ्या स्वतःच्या नावावर आहे म्हणून बरं, फर्मच्या नावावर असती तर समोरच्यानं लगेच म्हटलं असतं की धंद्यासाठी घेतली, हे ग्राहकच नाहीत. व्हॉइस नोट आणि चॅट नुसते प्रिंट काढून चालत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, तोपर्यंत मोबाइल बदलू नका, चॅट डिलीट करू नका.

नोटीस पोचल्यावर इतके दिवस फोन न उचलणाऱ्या डीलरचा स्वतःहून फोन आला. 40 हजार देतो, केस मागं घ्या म्हणतोय. मी त्याला सांगितलंय, पूर्ण 85 हजार आणि टोचलेल्या वायरिंगचा खर्च, तेही चेकनं आणि शोरूमच्या लेटरहेडवर काय विकलं होतं ते लिहून. त्याशिवाय केस मागं घेणार नाही.