ॲटमॉस मिक्समध्ये गायकाचा आवाज कुठे ठेवायचा: सेंटर स्पीकरमध्ये, की दोन स्पीकरच्या मध्ये?

स्टिरिओची वर्षानुवर्षं सवय असलेला माणूस ॲटमॉसच्या, म्हणजे डॉल्बीच्या भोवतीने आणि छतातूनही आवाज देणाऱ्या पद्धतीच्या, ७.१.४ च्या खोलीत (सात स्पीकर भोवती, एक खर्जाचा, चार छतात) पहिल्यांदा बसतो, तेव्हा बाजूचे, मागचे, छताचे स्पीकर त्याला फारसे अडवत नाहीत. तिथे काय टाकायचं याची मजाच वाटते. हात अडतो तो समोरच्या मधल्या स्पीकरपाशी. आजवर गायकाला आपण डाव्या-उजव्याच्या बरोबर मध्ये उभं करत आलो, आणि तिथे प्रत्यक्षात काहीच नव्हतं. आता तिथे खराखुरा स्पीकर आहे. मग गायकाला त्यात बसवायचं का?

मुंबईत याची दोन उत्तरं हमखास मिळतात. सिनेमाच्या मिक्सिंगमधून आलेले लोक म्हणतात, आवाज सेंटरलाच. त्यांचं बरोबर आहे, कारण थिएटरमध्ये संवाद पडद्यामागच्या सेंटरमधून येतात, आणि संवाद संपून गाणं सुरू झालं की त्याच चेहऱ्याचा आवाज एकदम वेगळ्या जागेवरून आला तर खटकतं. अल्बमवाले म्हणतात, सेंटरला हात लावू नका, घरोघरी तो स्पीकर कसा लावलेला असेल याचा भरवसा नाही. त्यांचंही खोटं नाही. मी गोरेगावच्या एका छोट्या खोलीत दोन्ही प्रकारची कामं करतो. माझं मत आधीच सांगतो: मराठी गाण्यात, जिथे शब्द हाच जीव असतो, तिथे मुख्य आवाज सेंटरमध्ये असावा, पण सेंटरमध्ये एकटा नसावा. या ‘एकटा नसावा’चा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा लागतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

आधी फँटम सेंटर, म्हणजे डाव्या-उजव्यात समान आवाज देऊन मध्ये तयार होणारा भास. याचा मोठा फायदा म्हणजे तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. स्टिरिओ मिक्सशी जुळतो, डाउनमिक्समध्ये (जास्त चॅनलचा मिक्स दोन स्पीकरमध्ये उतरवताना) दगा देत नाही, आणि आवाज थोडा रुंद, भरदार वाटतो. खर्जाकडे दोन स्पीकरची बेरीज होते, म्हणून छातीतला आवाज अधिक गोल लागतो. बऱ्याच गायकांना स्वतःचा आवाज असाच आवडतो.

पण या भासाची किंमत आहे. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानाला पोचतो, तसाच तो किंचित उशिरा उजव्या कानालाही पोचतो. स्पीकर ३० अंशांवर असतील तर हा उशीर साधारण पाव मिलिसेकंदाचा. त्यामुळे दोन्ही कानांवर २ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज कापला जातो. नेमकी तीच जागा व्यंजनांची. ‘विठ्ठल’मधला ठ, ‘चंद्रभागा’तला च, शब्दाला धार देणारं सगळं तिथे असतं. स्टिरिओत आपण नकळत ही तूट ईक्यूने (आवाजातल्या ठरावीक पट्ट्या वरखाली करणाऱ्या साधनाने) भरून काढतो, २-३ किलोहर्ट्झला थोडं वर उचलतो. म्हणून स्टिरिओ सेशनमधला तयार व्होकल जसाच्या तसा उचलून सेंटरला टाकला की तो कानाला टोचतो. सेंटरमध्ये ती तूट नसतेच, पण आपण केलेली भरपाई तशीच राहिलेली असते. ‘सेंटरमध्ये आवाज कर्कश लागतो’ अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांना मी एवढंच सांगतो: तो ईक्यू काढा आणि मग ऐका.

दुसरी किंमत बसण्याच्या जागेची. माझ्या आईला हॉलमधल्या सोफ्याच्या डाव्या टोकाला, खिडकीजवळ बसायची सवय आहे. तिथे डावा स्पीकर तिला उजव्यापेक्षा बराच जवळ पडतो. अंतरात ३४ सेंटीमीटरचा फरक पडला की जवळचा आवाज १ मिलिसेकंद आधी येतो, आणि एवढं पुरतं. कान सगळा गायक त्या जवळच्या स्पीकरमध्ये नेऊन ठेवतो. मी मध्ये बसून मन लावून बसवलेला भावगीताचा मिक्स तिने ऐकला आणि म्हणाली, ‘‘अरे, हा सगळा एकाच कोपऱ्यातून का गातोय?’’ तेच गाणं सेंटरमधून लावलं तेव्हा गायक टीव्हीच्या जागी आला आणि तिथेच राहिला, ती कुठेही बसली तरी. मुंबईच्या घरात चार माणसं सोफ्यावर, दोन खाली सतरंजीवर, एक स्वयंपाकघराच्या दारात, अशीच ऐकतात. बरोबर मधली जागा मिक्स करणाऱ्यालाच मिळते.

खरं तर तीन स्पीकरची कल्पना नवी नाहीच. १९३३ साली बेल लॅब्सने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला तो तीन चॅनलवर. पन्नाशीच्या दशकात काही कंपन्या शास्त्रीय संगीत तीन ट्रॅकवर रेकॉर्ड करत होत्या. पुढे घरात दोनच स्पीकर आले, कारण तबकडीच्या खाचेला दोनच भिंती असतात. मधली जागा रिकामी राहिली ती माध्यमाच्या मर्यादेमुळे, कानाने तशी मागणी केली म्हणून नव्हे.

आता सेंटरची बाजू. मिळतं काय, तर स्पष्टता, पक्की जागा, आणि डावी-उजवी मोकळी होते. ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. एका अभंगात आवाज सेंटरला नेल्यावर टाळांसाठी अचानक समोर जागा झाली. आधी टाळ आवाजाच्या वर चढून बसायचे, म्हणून मी ते दाबत होतो. आता ते डाव्या-उजव्यात पूर्ण झणझणीत ठेवता आले आणि शब्द तरीही सुटे ऐकू येत होते. झील धरणारे बाजूला आणि थोडे मागे, तंबोरे चारी बाजूंनी पातळ, पखवाज समोर. देवळाच्या सभामंडपात बसल्यासारखं वाटलं.

धोका काय, तर तो माझ्याच वाट्याला आला. बोरिवलीला नातेवाइकांकडे गणपतीत गेलो होतो. त्यांनी हौसेने माझं नवं गाणं लावलं, घरी चांगली सिस्टिम आहे म्हणून. गाणं सुरू झालं; पेटी आली, तबला आला, आणि गायकाच्या जागी लांब कुठेतरी विहिरीत कुणी गातंय असा नुसता रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. मखरासाठी टीव्ही हलवताना सेंटरची वायर निघाली होती. महिनाभराचं काम, आणि घरभर पाहुणे माझ्याकडे बघतायत. आवाज शंभर टक्के सेंटरमध्ये होता, बाजूला कोरड्या आवाजाचा कणही नव्हता. त्या दिवसापासून ‘एकटा नसावा’.

वायर निघणं ही टोकाची गोष्ट झाली. रोजची अडचण वेगळी आहे. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून अनेक घरांत सेंटर दोन-तीन डेसिबल वर करून ठेवलेला असतो. साउंडबारमध्ये आवाज पुढे आणणारं बटण असतं, तेही दाबलेलं असतं. मग गायक वाद्यांच्या बाहेर येऊन अंगावर येतो. शिवाय घरातला सेंटर बहुधा टीव्हीखाली आडवा, लहान, बाजूच्या स्पीकरपेक्षा वेगळ्या पोताचा. आणि सेंटर एकटा ऐकणाऱ्याला तुमच्या सुराच्या दुरुस्त्या, श्वासांची कापाकापी सगळं उघडं दिसतं. हे शेवटचं काहींना फार लागतं. मला त्याची एवढी भीती वाटत नाही, पण काम स्वच्छ हवं.

मग लोक मधला मार्ग काढतात: सेंटरमध्येही द्या आणि थोडा डाव्या-उजव्यातही द्या. पॅनरमध्ये (आवाज कुठल्या स्पीकरला जाईल ते ठरवणाऱ्या साधनात) त्यासाठी डायव्हर्जन्सची, म्हणजे आवाज शेजारच्या स्पीकरमध्ये पसरवण्याची, सोय असते. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण हाच मार्ग सगळ्यात जपून वापरायचा आहे. नेहमीच्या स्टिरिओ डाउनमिक्समध्ये सेंटर ३ डेसिबल कमी होऊन डाव्या-उजव्यात मिसळतो. तिथे तोच आवाज आधीच असेल तर दोन्ही सरळ जोडले जातात. एकूण पॉवर तेवढीच ठेवून आवाज तिन्ही स्पीकरमध्ये समान वाटला, तर डाउनमिक्समध्ये तो जवळपास ३ डेसिबलने वर येतो. बाजूचा आवाज सेंटरपेक्षा १२ डेसिबल खाली ठेवला तरी २ डेसिबल वाढतोच. गंमत म्हणजे लाउडनेस मीटर हे सांगत नाही. मीटर प्रत्येक चॅनलची पॉवर वेगळी मोजून बेरीज करतो, त्याला तुमचे −१८ एलकेएफएस (लाउडनेस मोजायचं एकक) तेवढेच दिसतात.

छोट्या खोलीत आणखी एक सापळा आहे. जागा नाही म्हणून तिन्ही स्पीकर एका सरळ रेषेत, टेबलामागे लावले जातात. डावा-उजवा तुमच्यापासून दीड मीटरवर, ३० अंशांवर असेल तर सेंटर १.३ मीटरवर येतो. ते २० सेंटीमीटर म्हणजे साधारण ०.६ मिलिसेकंद. सेंटरला तेवढा डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, दिला नसेल तर तिन्ही स्पीकरमधला एकच आवाज ८५० हर्ट्झच्या आसपास स्वतःलाच कापतो, आणि तुम्ही रात्रभर आवाजाला ईक्यू करत बसता. चूक आवाजात नसतेच. आधी फीत घेऊन अंतर मोजा.

म्हणून मी डायव्हर्जन्स शून्यावर ठेवतो, फार तर एखाद्या ओळीपुरता उघडतो. बाजूला जातं ते वेगळं काहीतरी: दुसऱ्यांदा गायलेली ओळ, खोलीचे लवकरचे पडसाद, रुंद रिव्हर्ब. हे आवाजाचेच असतात, पण मूळ आवाजाशी तंतोतंत सारखे नसल्यामुळे डाउनमिक्समध्ये तशी सरळ बेरीज होत नाही. पडसाद मी जरा सढळ हाताने देतो, इतके की सेंटर बंद केला तरी शब्द कळावेत. सुंदर लागणार नाही, पण गाणं मुकं होणार नाही.

इयरफोनचं गणित यापेक्षा निराळं आहे, आणि विरार लोकलमध्ये उभं राहून ऐकणाराच आपला मोठा श्रोता आहे. बायनॉरल रेंडरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर इयरफोनवर दोन कानांसाठी उभे केले जातात तेव्हा, सेंटर म्हणजे समोरचा एक आभासी स्पीकर. अगदी समोरचा आवाज कानांना बाहेर, पुढ्यात वाटणं हे सगळ्यात अवघड. अनेकांना तो कपाळावर किंवा डोक्यात ऐकू येतो. डॉल्बीच्या रेंडररमध्ये प्रत्येक इनपुटला ऑफ, निअर, मिड, फार अशा आभासी अंतराच्या सेटिंग असतात. मुख्य आवाजाला ऑफ किंवा निअर दिलं की तो घट्ट, जवळचा राहतो. पण ॲपल म्युझिक स्वतःचा रेंडर वापरतं आणि या सेटिंगकडे बघत नाही. त्यामुळे त्यांच्यावर विसंबून मिक्स उभा करू नका, दोन्हीकडे ऐका. इयरफोनपुरतं बोलायचं तर सेंटर आणि फँटम यांत मला जिंकणारा कुणी दिसत नाही. फँटममधली ती २ किलोहर्ट्झची तूट आभासी स्पीकरमधूनही येते, एवढाच सेंटरच्या बाजूने एक मुद्दा.

वाद्यांबद्दल थोडक्यात. बेस, डग्गा, ढोल यांना सेंटरमध्ये घालू नका. घरचा तो लहान स्पीकर दमतो, दोन मोठ्यांना ते काम करू द्या. ढोलकीची चाटी मात्र सेंटरमध्ये थोडी दिली की लावणीत फार छान टोक येतं.

ठरवायचंच असेल तर गाण्याकडे बघून ठरवा. भावगीत, अभंग, नाट्यगीत, सिनेमासाठी जाणारं कुठलंही गाणं: आवाज सेंटरला, पडसाद बाजूंना. आवाज हेच एक वाद्य झालेलं, थर चढवलेलं, सिंथने भरलेलं गाणं असेल, किंवा निर्माता स्टिरिओच्या रंगाला घट्ट धरून बसला असेल, तर सरळ फँटम घ्या आणि सेंटर जवळजवळ रिकामा ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. आणि वेळ इतका कमी असेल की डाउनमिक्स ऐकायलाच सवड नाही, तरीही फँटमच. सेंटरचा मिक्स न तपासता पाठवू नये.

तपासायची माझी पद्धत अशी. सेंटर बंद करून अख्खं गाणं ऐकतो, मग सेंटर एकटा. त्यानंतर सेंटर ३ डेसिबल वर करून, कारण कुठल्यातरी घरात तो तसाच असणार. मग स्टिरिओ डाउनमिक्स मूळ स्टिरिओ मास्टरच्या शेजारी ठेवून फक्त गायकाच्या आवाजाची पातळी जुळते का ते बघतो. सगळ्यात शेवटी खुर्ची सोडून खोलीच्या डाव्या भिंतीला टेकून बसतो, आईच्या जागेवर, आणि डोळे मिटून बोट दाखवतो की गायक कुठे आहे. डोळे उघडल्यावर बोट पडद्याकडे असेल तर फाइल पाठवतो.