नाणेशोधासाठी खोदण्याचे साधन: दातेरी खुरपे की अरुंद फावडे?

मेटल डिटेक्टर घेताना आठवडेच्या आठवडे खल करणारी माणसे खोदण्यासाठी मात्र बागकामाचे हाताला येईल ते खुरपे उचलतात, आणि पहिल्याच कडक जमिनीत त्याचे पाते मुठीजवळ वाकते. नाण्याएवढी वस्तू बहुतेक डिटेक्टरना फार तर वीस-पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जाणवते. त्यामुळे खोल खणण्याची ताकद हा निकष येथे दुय्यम असून खड्डा किती नेटका होतो आणि नाण्याला इजा होते की नाही, हे आधी पाहावे लागते.

हिरवळीवर सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे, एका कडेला करवतीसारखे दाते असलेले हातखुरपे निर्विवादपणे सरस ठरते. त्याने गवताच्या थराला तीन बाजूंनी काप देऊन चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवता येते, आणि काम झाल्यावर तो थर जागच्या जागी दाबून बसवला की मुळे तग धरतात. मात्र गुडघ्यांवर बसून दिवसभर काम करावे लागते, शिवाय लहान पाते हाती असले की डिटेक्टरने दिलेल्या संकेताच्या थेट मध्यावर खुपसण्याचा मोह होतो. नाण्यांवरचे बरेच ताजे ओरखडे याच घाईतून येतात.

नांगरलेले शेत, खुंटांची जमीन किंवा उन्हाने टणक झालेली माती असेल, तर आडव्या मुठीचे अरुंद फावडे घ्यावे. पायाचा भार पडत असल्याने श्रम कमी होतात, आणि संकेताच्या मध्यापासून सात-आठ सेंटीमीटर दूर काप घेऊन अख्खे ढेकूळ उचलता येत असल्याने नाणेही सुरक्षित राहते. सार्वजनिक उद्यानात मात्र फावडे खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस, परवानगी असली तरी, लोकांच्या डोळ्यांवर येतो.

पोलादाच्या बाबतीत ‘स्टेनलेस’ या शब्दावर भाळू नये. तो गंज रोखतो, ताठपणाची हमी देत नाही. उष्णताप्रक्रिया केलेले कार्बन किंवा क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद पुसून, तेलाचा हात देऊन सांभाळता येते. वाकलेले पाते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. पात्याहूनही जोड अधिक तपासावा, कारण पाते मुठीत शेवटपर्यंत गेलेले नसेल किंवा दोन रिव्हेटांवर तोललेले असेल, तर साधन तिथेच दगा देते. चुंबक न चिकटणारे साधन डिटेक्टरला जाणवत नाही, ही समजूतही चुकीची आहे. धातू कोणताही असो, तो कॉइल (डिटेक्टरची जमिनीवरून फिरवायची चकती) आणि पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) यांपासून दूरच ठेवावा लागतो.

वाळूत ही दोन्ही साधने निरुपयोगी असून तेथे छिद्रांचा स्कूप, म्हणजे वाळू गाळणारे चाळणीसारखे खोलगट पात्र, लागतो. कोरड्या वाळूला हलका, आखूड स्कूप पुरतो. ओल्या वाळूला लांब दांड्याचा पोलादी स्कूप हवा. छिद्रे मोठी असतील तर वाळू झटपट गळते, पण बारीक साखळीही तिच्याबरोबर जाते.

एकच साधन घ्यायचे असेल आणि जमिनीचा भरवसा नसेल, तर मी दातेरी खुरपेच घेईन, तेही भडक रंगाच्या मुठीचे. कारण चांगले खुरपे मोडण्यापेक्षा गवतात विसरूनच जास्त हरवते.