ज्या मेलमध्ये लिंकच नव्हती

आमच्या अकाउंट्स विभागात एका जुन्या पुरवठादाराचा मेल आला: बँक खातं बदललंय, थकलेल्या बिलाचे पैसे नव्या खात्यावर पाठवा. मेल आधीच्याच पत्रव्यवहाराखाली जोडलेला, बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर. फक्त पाठवणाऱ्याच्या डोमेनमध्ये, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या भागात, एक अक्षर जास्त. पैसे गेले. खऱ्या पुरवठादाराने बिलाची आठवण केली तेव्हा प्रकार उघडा पडला. चोर त्या पुरवठादाराच्या मेलबॉक्समध्ये शिरून आमचा व्यवहार आधीपासून वाचत होते.

सगळा राग निघाला पैसे पाठवणाऱ्या सहकाऱ्यावर. हा सरळ अन्याय होता. खातं बदलायची विनंती आली तर ती कशी पडताळायची, हे त्याला कुणीच ठरवून दिलं नव्हतं.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. त्याआधी आमच्याकडे सुरक्षा तपासणी झाली होती. सगळ्यांना खोटे फिशिंग मेल, म्हणजे फसवून लिंकवर क्लिक करायला लावणारे मेल, पाठवले, लिंकवर किती जणांनी क्लिक केलं ते मोजलं, आकडा कमी आला म्हणून अहवाल उत्तम. पण आम्हाला लुटणाऱ्या मेलमध्ये लिंक नव्हती, अटॅचमेंटही नव्हती. क्लिक मोजणाऱ्या चाचणीत तो कधीच सापडला नसता.

म्हणून तुमच्या संस्थेत अशी तपासणी होणार असेल, तर क्लिकच्या आकड्यावर समाधान मानू नका. कुणाच्या एका शब्दावर पैसे हलतात, कुणाच्या एका फोनवर हेल्पडेस्क पासवर्ड बदलून देतं, ते तपासायला लावा. साहेब प्रवासात आहेत आणि 'आत्ताच्या आत्ता, कुणाला न सांगता करा' असा निरोप आला, तर त्यांना नाही म्हणायची मुभा कारकुनाला आहे का? बाहेरचा माणूस वेबसाइट, नोकरीच्या जाहिराती आणि लिंक्डइन चाळून तुमच्याबद्दल काय काय जमवू शकतो, तेही एकदा काढून बघा. कोण कुणाच्या हाताखाली आहे आणि कुठलं सॉफ्टवेअर वापरता, एवढं तर सहज मिळतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. 2013 ते 2015 या काळात एका लिथुआनियन माणसाने तैवानच्या पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. 2024 मध्ये अरुप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातली फसवणूक उघड झाली. तिथल्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांचे बनावट चेहरे दिसले आणि सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले. त्यामुळे ओळखीचा आवाज किंवा चेहरा हा पुरावा धरू नका. आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर स्वतः फोन लावा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय खातं बदलू नका.

पैसे गेलेच तर आधी बँकेला फोन करा, चौकशी नंतर. आणि तो मेल डिलीट करू नका, त्याचे हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याच्या नोंदी, तपासाला लागतात.